प्लास्टिकचीही फळी लावा

हा लेख चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अशा गावांसाठी आहे, जिथे घंटागाडी येत नाही आणि शेवटच्या घराच्या कुंपणामागे जंगल सुरू होते. ब्रह्मपुरी किंवा वरोऱ्याच्या गल्लीत पडलेली पन्नी नगरपरिषदेचा माणूस केव्हा ना केव्हा उचलतो आणि ती डेपोवर जाऊन पडते. कोरची, एटापल्ली, धानोरा किंवा सिंदेवाहीकडच्या आतल्या गावात ती उचलायला कोणी येत नाही. वाऱ्याने ती बांधीत जाते, बांधीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. नाहीतर उकिरड्यावर पडून राहते आणि रात्री रानडुकरे येऊन तो उकिरडा उकरतात. तेव्हा इथे प्लास्टिकचे जे काही करायचे ते गावालाच करायचे आहे. ते जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी शिस्त या दोन जिल्ह्यांतल्या गावांच्या अंगात आधीपासून आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोब्याची एक चित्रफीत देशभर फिरली. निमढेला बफर क्षेत्रात, रामदेगीच्या बाजूला, भानुसखिंडी वाघिणीचा बछडा पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालला होता. ते पाहून अनेकांना वाईट वाटले आणि वाटायलाच हवे होते. पण त्या बाटलीबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. ती कोणी वेचून आणली असती तर कबाड्याने पैसे देऊन घेतली असती. पाण्याच्या बाटलीला भाव आहे. आपल्या रानात जो माल खरा साचत चालला आहे, त्याला भाव नाही: खर्र्याची पन्नी, चिप्स-कुरकुऱ्यांची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, पानाच्या द्रोणाची जागा घेतलेल्या थर्माकोलच्या वाट्या. गावाची खरी कसोटी या बिनभावाच्या मालावर लागते.

त्यात पहिला नंबर खर्र्याच्या पन्नीचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पातळ पन्नीत बांधून देतात. खर्रा तोंडात गेला की पन्नी जागीच पडते. बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीमागे, रोजगार हमीच्या कामावर, मोहफूल वेचायला गेलेल्या झाडाखाली, जिथे माणूस बसला तिथे ती सापडते. एवढी हलकी की झाडूने पुढे सरकत नाही, मातीला चिकटून बसते. खर्रा सुटावा हेच सर्वांत चांगले. गडचिरोलीत ‘सर्च’, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरोधात काम करत आहे, गावाने त्यांची मदत घ्यावी. पण तो सुटेपर्यंत पन्नी जमिनीवर पडू द्यायची नाही, हे ठरवणे गावाच्या हातात आहे. पानठेलेवाल्याने समोर झाकणाचा डबा ठेवावा, ठेल्याभोवतीची जागा रोज संध्याकाळी त्यानेच साफ करावी आणि आठवड्याची पन्नी गावाच्या साठ्यात आणून द्यावी. ग्रामसभेने हा एक नियम जरी नीट पाळून घेतला तरी महिन्याभरात गावाचे रूप पालटलेले दिसेल.

ढोरांच्या पोटात, रानाच्या पोटात

घरात उरलेला भात पन्नीत बांधून बाहेर फेकण्याची सवय आपल्याला लागली आहे. गायीला पन्नी सोडता येत नाही. ती अख्खी गाठ गिळते. भात पचतो, पन्नी कोठीपोटात राहते. तिच्यावर दुसरी, तिसरी गुंडाळत जाते आणि काही महिन्यांनी तिथे घट्ट गोळा तयार होतो. तो शेणावाटे निघत नाही. जनावर खाते कमी, रवंथ मंदावते, डावी कूस फुगलेली राहते, दूध आटते. अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. कोठीपोट उघडून गोळा काढण्याची शस्त्रक्रिया करता येते, मात्र जनावर अगदी खंगल्यावर तिचा उपयोग होत नाही. दावणीला बांधलेल्या गाईपेक्षा चरायला सोडलेल्या ढोरांना हा धोका जास्त, आणि आपल्याकडे बहुतेक ढोरे चरायलाच जातात. शिळे अन्न टाकायचेच असेल तर मोकळे, टोपलीत किंवा पानावर टाका. गाठ मारलेली पन्नी कधीच टाकू नका.

जे गाईचे, तेच चितळ-सांबराचे. तेही रवंथ करणारेच प्राणी. मीठ-तेल लागलेल्या पाकिटाचा वास त्यांना ओढतो. अस्वल आणि रानडुक्कर तर उकिरडाच शोधत येतात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडातून आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत वावरतो आहे, म्हणून उत्तराखंडातला एक अभ्यास इथे सांगितला पाहिजे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जंगलाकडेच्या हत्तींची लीद तपासली, तर सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत प्लास्टिक सापडले. गावाच्या कडेचा कचरा खाऊन हत्ती तो रानात खोलवर नेऊन टाकतात. आपल्या हत्तींना ती सवय लागण्याआधीच उकिरडे आवरले पाहिजेत.

दुसरा धोका थेट माणसाला. उघड्या उकिरड्यावर कुत्री आणि डुकरे जमतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात आणि लगतच्या दुर्गापुरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ दोघांचे जीव गेले. अशा घटनांमागे वाढलेली झुडपे, अंधार, वस्तीला लागून असलेले जंगल अशी बरीच कारणे असतात. त्यातले उकिरड्याचे कारण मात्र आपण आपल्या हाताने दूर करू शकतो.

पाण्याचेही पाहा. झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला, कठाणी वैनगंगेला. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आपल्या नालीतली पन्नी एवढा प्रवास करते. वाटेत ऊन लागून तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे बारीक कण होतात, आणि ते कण मासळीच्या पोटात जातात. भामरागडला पर्लकोटेचा पूर ओसरला की काठच्या झुडपांना लटकलेल्या पन्न्या सगळ्यांच्याच नजरेला पडतात. आणखी एक, आजाराचे. टाकून दिलेला कप, फुटका डबा, टायर यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगूचा डास वाढतो. गडचिरोलीतला हिवताप पसरवणारा डास मुख्यतः ओढ्या-नाल्यांच्या पाण्यातला, त्यामुळे कप उचलल्याने हिवताप जाईल असे म्हणणार नाही. डेंगूचे घर मात्र नक्की मोडेल.

जाळू नका, पुरू नका

गावात सफाई झाली की गोळा केलेल्या ढिगाला काडी लावायची, ही रीत सर्वत्र आहे. ढीग नाहीसा होतो म्हणून काम झाल्यासारखे वाटते. पण अंगणातल्या किंवा नाल्याकाठच्या आगीत प्लास्टिक पुरते जळत नाही. ते अर्धवट जळून काळा धूर होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, काजळी असते, थर्माकोलमधून स्टायरिन निघते. ढिगात पीव्हीसी असेल, म्हणजे वायरचे आवरण, पाइपचे तुकडे, रेक्झिन, तर डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती राखेत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. त्या राखेत कोंबड्या चरतात आणि तीच राख आपण परसातल्या वांग्याच्या वाफ्यात टाकतो. चुलीत पन्नी घालून पेटवणे तर त्याहून वाईट, कारण तो धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळण्याला घनकचरा नियमांनी मनाई केली आहे. आपल्याकडे त्याला वणव्याचीही जोड आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत पानगळीचा थर वाळलेला असतो, आणि कचऱ्याच्या ढिगातून उडालेली जळती पन्नी वाऱ्यावर कुठेही जाऊन पडू शकते.

खड्डा करून पुरणे वरवर निर्धोक दिसते. पहिल्या-दुसऱ्या पावसात माती बसते, पन्नी वर येते, डुक्कर उरलेले उकरते. पुरलेली पन्नी पाणी जमिनीत मुरू देत नाही आणि मुळांना आडवी येते. पन्नी कुजत नाही, म्हणून तिला खतखड्ड्यात जागा नाही. ओला कचरा खड्ड्यात जरूर घाला, त्याचे सोने होईल, पण त्यात पन्नीचा एक तुकडाही जाऊ देऊ नका. असे खत शेतात गेले की पन्नी बांधीत पोहोचलीच.

गावात येते तेवढेच साचते

बाजारातून घरात येणारी पन्नी कमी करणे हे सगळ्यांत स्वस्त काम. कायदा गावाच्या बाजूने आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकचे ताट, पेले, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरची पातळ पन्नी अशा वस्तू देशभर बंद केल्या. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला देशात कुठेच परवानगी नाही. तरीही आठवडी बाजारात पातळ पन्नी मिळते, कारण मागणारे आपणच आहोत. भाजीवाल्या बाईला दंड करून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. तिला पन्नी विकणारा तालुक्याचा ठोक व्यापारी आहे, त्याच्यावर कारवाईचा आग्रह धरा. आणि स्वतः बाजाराला निघताना दोन कापडी पिशव्या आणि मासळी-मटणासाठी झाकणाचा डबा बरोबर घ्या.

खरेदी करताना तीन ठिकाणी फसगत होते. कापडासारखी दिसणारी, पण दोऱ्याने न शिवता दाबून चिकटवलेली रंगीत पिशवी बहुधा प्लास्टिकच्याच तंतूंची असते. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो खतखड्ड्यात कुजत नाही. आणि यंत्रावर दाबलेल्या काही पत्रावळींना वरून चकचकीत पन्नी लावलेली असते. नखाने कोपरा खरवडून पाहा, पापुद्रा सुटला तर घेऊ नका.

पत्रावळीचे तर आपण माहेरघर. पळसाला चैत्र-वैशाखात नवी पाने येतात, ती जून झाली की तोडून, दाबून, वाळवून ठेवायची आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायची. मोहाच्या पानाचेही द्रोण होतात. ही कला येणाऱ्या बाया अजून प्रत्येक गावात आहेत, त्यांच्याकडून काम घेणारे कमी झाले आहेत. एका लग्नाची पत्रावळ गावातल्याच बचत गटाकडे महिनाभर आधी सांगितली, तर पैसा गावात राहतो आणि जेवणानंतरचा ढीग ढोरांच्या तोंडी गेला तरी बिघडत नाही. बुरडांच्या टोपल्या, सुपे, ताटव्यांचेही तसेच. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गावातल्या तरुणांनी तिथले शिक्षण घेतले, तर प्लास्टिकच्या टोपल्यांना हातचा पर्याय उभा राहील.

तीन चुंगड्या

एवढे करूनही घरात प्लास्टिक येणारच. ते एकत्र टाकले की कचरा होतो, वेगळे ठेवले की त्यातला निम्मा माल होतो. प्रत्येक घराने खताच्या तीन रिकाम्या, धुतलेल्या चुंगड्या ठेवाव्यात, दोन पडवीत आणि एक शेतात.

पहिल्या चुंगडीत कबाडी घेतो ते: पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या, तुटक्या बादल्या, कॅन, तेलाचे डबे, दुधाच्या पिशव्या. बाटल्या चेपून ठेवा, जागा वाचते. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका, तोच तुकडा नालीत जातो. पिशवीला चीर द्या, धुवा, उलटी करून वाळवा. वाळलेल्या स्वच्छ मालाला चांगला भाव मिळतो. ओल्या, वास मारणाऱ्या मालाला कबाडी हात लावत नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

दुसरी चुंगडी बिनभावाची: चिप्स-बिस्किटांची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, खर्र्याच्या पन्न्या, पाण्याचे पाऊच, पातळ पिशव्या. पाकिटात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. ही चुंगडी भरायला वेळ लागतो, पण कोरडी ठेवली तर ती वास मारत नाही, त्यात किडे होत नाहीत, कितीही दिवस राहते. शाळेत मुलांकडून पाकिटे बाटलीत ठासून भरून घेतात. साठवण म्हणून ते चांगले आहे. मात्र त्यासाठी तेलकट किंवा फाटकी बाटली घ्या, कारण एकदा पाकिटे भरली की चांगल्या बाटलीचा भाव जातो. अशा बाटल्यांचे उघड्यावर ओटे-कट्टे बांधण्याच्या मी विरोधात आहे. उन्हाने बाटली ठिसूळ होते आणि काही वर्षांनी सगळे पुन्हा बाहेर येते.

तिसऱ्या चुंगडीत फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, आणि ती घरात टांगू नका. शेतातल्या खोपीत, लेकरांच्या हाताबाहेर ठेवा. बाटली रिकामी होताच तीनदा पाण्याने खळबळा, ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला खिळ्याने भोके पाडा म्हणजे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. राजुरा-कोरपन्याकडचा कापूस असो की मूल-नागभीडकडचा धान, या बाटल्या बांधावर पडलेल्या असतात आणि पहिल्या पावसात उरलेसुरले औषध नाल्यात उतरते. पुढची खरेदी करताना कृषी केंद्रचालकाला या बाटल्या परत घेण्याची व्यवस्था विचारा. कबाड्याला त्या देऊ नका. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे ठेवा. ते यातल्या कोणत्याच चुंगडीत जात नाहीत.

फळी

आता मुख्य अडचण. समजा, गावातल्या प्रत्येक घराने चुंगड्या भरल्या. पुढे काय? प्लास्टिक हलके, भाव कमी, रस्ता लांब. एका घराची चुंगडी तालुक्याला नेण्याचे भाडेसुद्धा निघत नाही. इथेच बहुतेक मोहिमा बंद पडतात. लोक उत्साहाने वेचतात, पोती शाळेच्या खोलीत पडून राहतात, उंदीर कुरतडतात आणि शेवटी कोणीतरी ती जाळतो.

पण हलका माल घरोघरी गोळा करून लांबच्या बाजाराला कसा पोहोचवायचा, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तेंदूपत्ता आपण दरवर्षी असाच पाठवतो. एकेक पान तोडले जाते, ७० पानांचा पुडा बांधला जातो, पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी येतात, मोजले जातात, वाळवले जातात, गोणीत भरले जातात आणि गाडी भरली की रवाना होतात. एकट्या पुड्याला बाजार नाही, फळीवर जमलेल्या हजारो पुड्यांना आहे. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा गेल्या दशकभरात तेंदूचा व्यवहार स्वतः करत आल्या आहेत: हिशोब ठेवणे, ठेकेदाराशी बोलणे, गाडी लावणे. प्लास्टिकचीही अशीच फळी लागली पाहिजे.

जागा म्हणून छप्पर असलेली एक कोरडी खोली किंवा ताटव्याचा आडोसा पुरे. जमीन उंच हवी, ढोरे आत शिरणार नाहीत अशी. महिन्यातून एक दिवस ठरवा, शक्यतो आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी घरोघरच्या चुंगड्या येतील, वजन होईल, वहीत नोंद होईल. पहिल्या चुंगडीच्या मालाचे पैसे बचत गटाने वाटायचे की गावाच्या खात्यात टाकायचे, ते ग्रामसभा ठरवील. माझ्या मते ते फळी सांभाळणाऱ्या बाईंच्या मेहनतान्याला जावेत, कारण फुकटच्या कामावर कुठलीच व्यवस्था दोन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही. चार-पाच गावांनी मिळून एक फळी केली तर गाडी लवकर भरते. गाडीसाठी वेगळे भाडे देण्याआधी बाजाराच्या व्यापाऱ्यांच्या टेम्पोची चौकशी करा. ते माल घेऊन येतात आणि संध्याकाळी बरेचसे रिकामे परततात. परतीच्या फेरीचे भाडे अर्ध्यावर येऊ शकते.

बिनभावाची चुंगडी कुठे जाईल? स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र धरले आहे आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तिथे माल निवडणे, दाबून गठ्ठे बांधणे, तुकडे करणे अपेक्षित आहे. चंद्रपूरचे १५ आणि गडचिरोलीचे १२ तालुके. आपल्या तालुक्याचे केंद्र कुठे आहे, चालू आहे का, आठवड्याच्या कोणत्या दिवशी माल घेतात, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तिथून पुढे दोन वाटा आहेत. बारीक केलेले प्लास्टिक डांबरी रस्त्यात मिसळता येते. आणि पाकिटांसारखा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. तिथे १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान असते, त्यामुळे अंगणातल्या आगीसारखा तो अर्धवट जळत नाही. सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत, घुग्घुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर. कोकणातल्या गावाला ज्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागेल, ते आपल्या दाराशी आहे. जिल्हा परिषदेने या कारखान्यांशी दोन्ही जिल्ह्यांसाठी करार करावा अशी मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी. त्या मालात पीव्हीसीचे तुकडे जाऊ देऊ नका, त्यातले क्लोरीन भट्टीला चालत नाही.

पैशाचे मार्ग आणखीही आहेत. याच मिशनमध्ये घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये धरले आहेत. छोट्या गावाला ही रक्कम तुटपुंजी आहे, हे खरे. तिला वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठी बांधलेल्या निधीची आणि पेसा गावांत ५ टक्के अबंध निधीची जोड देता येते. मात्र ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात काम लिहिलेले हवे, नाहीतर वर्षभर निधी नाही हेच उत्तर ऐकावे लागेल. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी जुनी टायर आणि टाकाऊ प्लास्टिक बांधकामात वापरून पाहिले आहे. एखादा दिवस काढून गावच्या चार जणांनी ते पाहून यावे.

नियम करण्याचा अधिकार आहे का, असा प्रश्न पुष्कळदा येतो. आहे. वनहक्क कायदा, २००६ चे कलम ५ ग्रामसभेला आपल्या हद्दीतले वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणवठे राखण्याचा अधिकार देते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्यांपैकी. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये मिळाला, आणि त्या गावाने जंगलाच्या भल्यासाठी तेंदू तोडणे थांबवण्याचा निर्णय घेतला, हाती येणारा पैसा सोडून. ज्या ग्रामसभा एवढे ठरवू शकतात, त्यांना पन्नीचा नियम अवघड नाही. ठरावात मोजकेच लिहा: हद्दीत उघड्यावर प्लास्टिक जाळायचे नाही, दुकानदाराने डबा ठेवायचा, जंगलात नेलेले परत आणायचे, मोडले तर दंड किती आणि तो कोणत्या खात्यात. मेंढ्याची रीत सर्वसहमतीची आहे. वेळ लागतो, पण सगळ्यांच्या तोंडून निघालेला नियम पाळलाही जातो.

गर्दीचे दिवस

वर्षभराची मेहनत एका यात्रेत वाहून जाते. मार्कंड्याची महाशिवरात्र, चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रयात्रा, गावोगावच्या मंडया, शंकरपट आणि हिवाळ्यात रात्र-रात्र चालणारे झाडीपट्टीचे नाटक. नाटकाच्या सकाळी मंडपाची जागा पाहा, चहाचे कप आणि खर्र्याच्या पन्न्या यांशिवाय काही दिसत नाही. अशा कार्यक्रमाची परवानगी देतानाच मंडळाकडून अनामत घ्या आणि जागा साफ करून दिल्यावर परत करा. चहावाल्याला काचेचे पेले सांगा. महाप्रसादाला पाण्याचे पाऊच घेण्याऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा. बचत गटाने दोन-तीनशे ताटे, वाट्या, पेले घेऊन भांडी बँक केली तर लग्न-तेरवी-भंडाऱ्याला ती भाड्याने जातात आणि तीच गटाची कमाई होते. चिमूर तालुक्याशी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाते जवळचे, आणि त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला वेगळे स्थान आहे. गुरुदेव सेवा मंडळे आजही गावागावांत आहेत, सफाईची शिस्त त्यांच्या हाती द्या.

एका दिवसाच्या मोहिमेवर मात्र भिस्त ठेवू नका. चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ संस्थेने गोंडकालीन किल्ल्याची सफाई १ मार्च २०१७ ला सुरू केली आणि ती रोज, महिनोन् महिने चालवली. त्या सातत्याची दखल पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही घेतली. तट मोकळा झाला तो रोजच्या कामामुळे.

ताडोब्याला येणाऱ्यांनाही दोन शब्द. अभयारण्याच्या जमिनीवर कचरा टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे गुन्हा आहे, राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. स्टीलची बाटली भरून आणा, पाकिटबंद खाणे गाडीत उघडू नका, आणि मोहर्ली, कोलारा किंवा निमढेल्याकडे जाताना वाटेतल्या गावांतही काही फेकू नका, कारण ते गाव म्हणजेच बफर आहे. रिसॉर्टवाल्यांनी पाहुण्यांना बाटलीबंद पाणी देण्याऐवजी गाळलेल्या पाण्याचे नळ लावावेत आणि आपला कचरा शेजारच्या गावच्या उकिरड्यावर सोडू नये. जिप्सीचालक आणि गाइड हे बहुतेक याच गावांतले, त्यांनी पर्यटकाला टोकायला संकोच करू नये. त्यांचेच जंगल आहे.

शेवटी वेळापत्रक. फळीवरचा सगळा साठा मे संपायच्या आत तालुक्याला गेला पाहिजे, पुलांवरून पाणी वाहू लागले की भामरागडसारख्या भागाचा रस्ता बंद होतो. त्याच सुमारास गावातल्या नाल्या, बोडी आणि मामा तलावाचे तुडूम व सांडवा मोकळे करा. तिथे अडकलेली पन्नी काढली नाही तर पाळीवर पाण्याचा ताण येतो. पावसाळ्यात जमा होणारे प्लास्टिक माळ्यावर कोरडे ठेवा, आणि धान निघून रस्ते वाळले की दिवाळीनंतर पहिली खेप लावा.